जुन्या आज्ञावल्या आणि नवा राज्यकारभार

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी जनतेस एक विलक्षण आवाहन केले. करोनाच्या साथीमुळे डॉक्टर व परिचारिका यांची निकड होतीच; परंतु त्यांच्या जोडीला कोबोल भाषा जाणणारे स्वयंसेवकही हवे आहेत, असे त्यांनी सांगितले. कोबोल ही कोणा मानवसमाजाची बोली नव्हे. संगणकास आज्ञा देण्यासाठी १९५९ साली जिची आखणी सुरू झाली, ती ही भाषा होय. साथीमुळे कारखाने व दुकाने बंद पडली होती. त्या वर्षी २८ मार्चला संपलेल्या एकाच आठवड्यात अमेरिकेत ६० लाखांहून अधिक माणसांनी बेकारी भत्त्यासाठी नव्याने अर्ज केले आणि अनेक राज्यांतील भत्तावाटपाची व्यवस्था या लोंढ्यापुढे अडखळली. घरात शिधा नाही, घरभाडे थकलेले आहे, आणि हक्काचा पैसा मात्र संगणकाच्या दाराशी अडून राहिला आहे, अशी लक्षावधी कुटुंबांची अवस्था झाली.

या प्रसंगी वर्तमानपत्रांनी त्या जुन्या भाषेची पुष्कळ थट्टा केली. परंतु दोष केवळ वयाचा होता असे म्हणणे घाईचे ठरेल. कित्येक ठिकाणी भत्त्याचा हिशेब करणारा जुना गाभा आपले काम बजावीतच होता. कोंडी झाली ती अर्ज स्वीकारणाऱ्या पुढच्या दारांशी, आणि ती दारे गाभ्याशी जोडणाऱ्या अरुंद वाटांवर. शिवाय त्या गाभ्यात काय लिहिले आहे हे जाणणारी माणसेच थोडी उरली होती. हा प्रश्न एका राज्याचा नाही. ज्या ज्या देशाने आपला कारभार संगणकाच्या हवाली केला, त्या प्रत्येक देशापुढे तो आज ना उद्या उभा राहणार आहे. आणि भारत त्याला अपवाद नाही.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

कोबोलचा जन्म एका सुजाण हेतूतून झाला. त्या काळी प्रत्येक कारखानदाराचे संगणक निराळे आणि त्यांची भाषाही निराळी असे. यंत्र बदलले की सर्व आज्ञावली पुन्हा लिहावी लागे. हा अपव्यय टाळावा म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने १९५९ साली शासनातील व उद्योगातील तज्ज्ञ एकत्र बसले. ग्रेस हॉपर यांनी आधी सिद्ध केलेल्या भाषेचा त्यांना मोठा आधार मिळाला. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. आज जिला जुनाट म्हणून हिणविले जाते, ती भाषा त्या दिवशी ऐक्याचे साधन म्हणून उभी राहिली होती.

अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने करदात्यांची मुख्य नोंदवही १९६० च्या दशकात संगणकावर नेली. साठ वर्षे उलटल्यावरही तिचा गाभा वापरात होता. इतकी वर्षे एखादी आज्ञावली टिकते, याचे कारण केवळ सरकारी आळस हे नव्हे. अशा आज्ञावलीची प्रत्येक ओळ म्हणजे कोणता ना कोणता नियम असतो. कायद्यात दुरुस्ती झाली, एक ओळ वाढली. न्यायालयाने निकाल दिला, आणखी चार ओळी वाढल्या. एखाद्या वर्षी दुष्काळ पडला, सवलत जाहीर झाली, आणि ती सवलत देणारी अट आत कोठेतरी कायमची बसली. निवृत्तिवेतनाचेच उदाहरण घ्यावे. कर्मचाऱ्याच्या पश्चात त्याच्या पत्नीस किती वेतन मिळावे, अपंग मुलास ते किती काळ चालू राहावे, हे पुस्तकातील नियमात सापडते. परंतु प्रत्यक्ष पैसा जातो तो आज्ञावलीतील ओळींप्रमाणे. पुस्तकात एक आणि आज्ञावलीत दुसरे असेल, तर त्या विधवेच्या दृष्टीने आज्ञावली हाच खरा कायदा ठरतो.

अशी जमा झालेली समजूत फेकून देण्याजोगी नसते. मात्र तिच्यात दोषही मुरलेले असतात. पूर्वी संगणकाची स्मरणशक्ती फार महाग होती, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची रीत पडली. २००० साल जवळ येताच १९०० आणि २००० यांतील भेद या यंत्रांना कळेनासा होणार, हे ध्यानात आले, आणि जगभरच्या आज्ञावल्या ओळीओळीने तपासाव्या लागल्या. काटकसरीचा एक लहानसा निर्णय पुढच्या पिढीला किती महागात पडतो, याचे हे उदाहरण आहे.

एका रात्रीत नवे घर

जुने सर्वच मोडून एकदम नवे उभारावे, हा विचार मनास चटकन पटतो. शासकांना तो विशेष प्रिय असतो, कारण नव्या वास्तूचे उद्घाटन करता येते. डागडुजीचे करता येत नाही. परंतु अनुभव काय सांगतो ते पाहावे.

कॅनडाच्या संघशासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची चाळीस वर्षे जुनी व्यवस्था बदलून २०१६ साली ‘फीनिक्स’ नावाची नवी व्यवस्था सुरू केली. फेब्रुवारी व एप्रिल अशा अवघ्या दोन टप्प्यांत १०१ खात्यांचे सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी तिच्याखाली आणले गेले. तिला ८०,००० हून अधिक वेतननियम सांभाळावयाचे होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी काही आवश्यक कामे या व्यवस्थेतून वगळण्यात आली, एका खात्यात आधी घ्यावयाची चाचणी रद्द झाली, आणि खात्याखात्यांतून पगाराचे काम जाणणारी अनुभवी माणसे आधीच कमी करण्यात आली होती. परिणाम असा झाला की, कोणास पगार कमी, कोणास जास्त, तर कोणास मुळीच नाही. हजारो कुटुंबांचे हप्ते थकले. २०१८ साली त्या देशाच्या महालेखापरीक्षकांनी या प्रकल्पाचे व्यवस्थापन व देखरेख यांवर अत्यंत कठोर शब्दांत ठपका ठेवला.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेचे. तेथे गुन्ह्यांच्या कागदपत्रांसाठी योजिलेली ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही नवी व्यवस्था सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून झाल्यावर २००५ साली सोडून द्यावी लागली.

या दोन्ही गोष्टींत यंत्रापेक्षा माणसांच्या समजुतीची चूक मोठी आहे. जुन्या व्यवस्थेत काय दडले आहे ते पुरते न जाणता नवी उभारली, आणि परतीची वाट ठेवली नाही. चालत्या गाडीचे चाक बदलावयाचे असेल, तर निदान गाडीतील माणसे खाली पडणार नाहीत एवढी तजवीज आधी करावी लागते.

खिडकी आणि कपाट

मग जुने तसेच ठेवावे काय? तेही नाही. यावर मधला मार्ग आहे, आणि तो ‘सेवाधिष्ठित रचना’ या नावाने ओळखला जातो. नाव भारदस्त असले, तरी कल्पना साधी आहे.

एखाद्या जुन्या कचेरीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जन्ममृत्यूची नोंद एका कपाटात आहे. निवृत्तिवेतनाच्या विभागातील कारकून स्वतः येऊन ते कपाट उघडतो, तिसऱ्या खणातील पाचवी वही काढतो आणि हवी ती ओळ पाहून जातो. शिधावाटपाचा कारकूनही तसेच करतो, निवडणूक विभागाचाही तसेच करतो. काही वर्षांनी जन्ममृत्यू विभागास आपल्या वह्यांची मांडणी बदलावीशी वाटते. पण बदलणार कशी? खण हलविला की दहा विभागांचे काम थांबते. म्हणून कोणीच काही हलवीत नाही, आणि वर्षानुवर्षे कपाट तसेच राहते. जुन्या आज्ञावल्यांची नेमकी हीच स्थिती असते. त्या एकमेकींच्या पोटात शिरलेल्या असतात.

आता असे समजावे की, त्या कपाटापुढे भिंत घालून तीत एक खिडकी ठेवली. आत कोणीही जावयाचे नाही. ठराविक नमुन्यात प्रश्न लिहून खिडकीत द्यावयाचा, आणि ठराविक नमुन्यात उत्तर घ्यावयाचे. कोणास प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, उत्तर किती वेळात मिळेल, नोंद सापडली नाही तर काय सांगितले जाईल, हे सर्व आधीच ठरवून जाहीर करावयाचे. या ठरावास सेवेचा करार म्हणता येईल, आणि त्या खिडकीस सेवा. खिडकीमागे वही आहे की संगणक, संगणक चाळीस वर्षांचा आहे की कालचा, याच्याशी विचारणाऱ्यास कर्तव्य उरत नाही. करार पाळला जातो की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे.

या साध्या युक्तीने एक मोठी गोष्ट साधते. जुन्या आज्ञावलीस हात न लावता प्रथम तिच्यापुढे खिडकी बसविता येते, आणि मग खिडकीमागे एक एक काम नव्या आज्ञावलीकडे सोपविता येते. काही काळ जुनी व नवी दोन्ही चालवावयाची, एकाच प्रश्नास दोघी एकच उत्तर देतात काय ते ताडून पाहावयाचे, आणि खात्री पटल्यावर जुनीस निरोप द्यावयाचा. उत्तरे जुळली नाहीत, तरी नागरिकाचे काही बिघडत नाही, कारण जुनी अजून उभीच आहे. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी २००४ साली या रीतीस ऑस्ट्रेलियातील रानात पाहिलेल्या एका वृक्षाची उपमा दिली. आपल्याकडेही पक्ष्याने टाकलेले वडाचे बी दुसऱ्या झाडावर रुजते, त्याच्या मुळ्या हळूहळू भुईपर्यंत उतरतात, आणि कालांतराने मूळ झाड नाहीसे होऊन वड स्वतःच्या बळावर उभा राहतो. मात्र त्यास वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ देण्याची शासनांची तयारी नसते.

एस्टोनियाचा धडा

युरोपातील एस्टोनिया हा देश १९९१ साली पुन्हा स्वतंत्र झाला. लोकसंख्या सुमारे १३ लाख, तिजोरीत पैसा बेताचा. सर्व खात्यांची माहिती एका प्रचंड कोठारात गोळा करणे त्यास परवडणारे नव्हते, आणि तसे करणे धोक्याचेही होते. २००१ साली त्याने ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत प्रत्येक खाते आपली नोंद आपल्याजवळच ठेवते. दुसऱ्या खात्यास काही हवे असल्यास ते सुरक्षित मार्गाने विचारते. प्रश्नावर व उत्तरावर संगणकीय सही व वेळेचा शिक्का पडतो. आणि कोणी काय विचारले याची नोंद राहते. एकाच माहितीसाठी दोन ठिकाणी स्वतंत्र संग्रह उभारण्यास तेथील कायदा मनाई करतो. आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हे नागरिकास अनेक नोंदींच्या बाबतीत स्वतः पाहता येते. पुढे फिनलंडनेही ही व्यवस्था स्वीकारली, आणि २०१७ साली दोन्ही देशांनी तिच्या विकासासाठी संयुक्त संस्था स्थापन केली.

परंतु याच देशाने दुसरी बाजूही दाखविली. २०१७ साली तेथील ओळखपत्रांतील इलेक्ट्रॉनिक चकतीत दोष आढळला, आणि नोव्हेंबरात सुमारे ७ लाख ६० हजार पत्रांची संगणकीय प्रमाणपत्रे तहकूब करावी लागली. सर्व खिडक्यांना एकच किल्ली लावली, की ती किल्ली बिघडताच सर्वच खिडक्या बंद होतात. दोष लपविला नाही, लोकांस वेळीच सांगितला, म्हणून त्या शासनावरील विश्वास ढळला नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

आपल्या घरचे उदाहरण

याच तत्त्वाचा एक जुना दाखला भारतीय रेल्वेने घालून दिला आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. आगाऊ आरक्षणाचे संगणकीकरण १९८५–८६ साली दिल्लीत सुरू झाले, आणि मग मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे तशीच केंद्रे निघाली. परंतु ही केंद्रे परस्परांशी जोडलेली नव्हती. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची आज्ञावली तयार केली. १९९४ साली ती प्रथम सिकंदराबादेस बसविण्यात आली, आणि १९९९ साली पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. सर्व नोंदी एका ठिकाणी ओतल्या गेल्या नाहीत. केंद्रे आपापल्या जागी राहिली, आणि एकमेकांस विचारू लागली. आता मुंबईच्या खिडकीवर हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले.

२००२ साली इंटरनेटवरून तिकिटे देण्यास आरंभ झाला. त्यासाठी मूळ आरक्षणव्यवस्था मोडावी लागली नाही. तिच्यापुढे आणखी एक दार उघडले एवढेच. ज्या प्रवाशास पूर्वी पहाटे उठून स्थानकावर रांग लावावी लागे, तो घरबसल्या तिकीट काढू लागला. पुढे २०१५ साली आलेल्या ‘डिजिलॉकर’मध्येही हेच तत्त्व दिसते. परीक्षामंडळाने दिलेले प्रमाणपत्र मुळात मंडळाच्या संग्रहात असते. नागरिकाने मागितले की ते तेथूनच येते. त्याच वर्षी केंद्रशासनाने आपल्या आज्ञावल्यांच्या खुल्या जोडण्यांविषयीचे धोरणही जाहीर केले.

अर्थात खिडक्या वाढल्या म्हणून गाडीतील बर्थ वाढत नाहीत. तत्काळ तिकिटांच्या वेळी जी झुंबड उडते, ती पुढची दारे कितीही रुंद केली तरी सर्वस्वी शमणारी नाही. रचना चांगली असली, तरी ती तुटवड्यावरचा उपाय नव्हे. संगणकाकडून त्याच्या कुवतीबाहेरची अपेक्षा करणे आणि मग त्यालाच दोष देणे, ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत.

चार अटी

सेवाधिष्ठित रचना हा योग्य मार्ग आहे. पण तो चार अटींवरच लोकहिताचा ठरेल.

पहिली अट ज्ञानाची. जुन्या आज्ञावलीतील नियम आधी साध्या भाषेत लिहून काढले पाहिजेत. प्रत्येक राज्याने ते तेथील लोकभाषेतही प्रसिद्ध करावेत. कोणत्या अटीवर पैसा मिळतो वा नाकारला जातो हे नागरिकास वाचता आले नाही, तर कायदा छापून उपयोग काय? हे काम करताना पुस्तकातील नियम व आज्ञावलीतील नियम यांतील अंतर उघडे पडेल. ते संकोचाचे होईल, परंतु आवश्यक आहे.

दुसरी अट माणसांची. बांधणी बाहेरच्या कंपनीकडून करून घेण्यास हरकत नाही, पण समज शासनाजवळ राहिली पाहिजे. जे खाते आपल्या आज्ञावलीतले काहीच जाणत नाही, ते स्वतःच्याच घरात पाहुणे होऊन राहते. निवृत्त होणाऱ्या अनुभवी माणसांजवळ तरुण माणसांनी एकदोन वर्षे बसून शिकावे, यासाठी थोडा पैसा खर्च होईल. तो न केल्यास काय होते, ते न्यू जर्सीत व कॅनडात दिसले आहे.

तिसरी अट जबाबदारीची. एक काम दहा सेवांतून पार पडू लागले, की चूक झाल्यावर प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवितो. कागदाच्या काळात फाइल टेबलावरून टेबलावर फिरत असे. आता प्रश्न यंत्रावरून यंत्रावर फिरेल आणि उत्तर येईल ते ‘सेवा उपलब्ध नाही’ एवढेच. म्हणून नागरिकाशी ज्या खात्याचा संबंध आला, त्यानेच संपूर्ण उत्तराची जबाबदारी घ्यावी. ज्याचा अंगठा यंत्राला ओळखता येत नाही, ज्याच्या नावातील एका वेलांटीमुळे नोंद जुळत नाही, त्याच्यासाठी निर्णयाचा अधिकार असलेला एक जिवंत मनुष्य खिडकीपाशी असलाच पाहिजे.

चौथी अट मर्यादेची. खात्याखात्यांतील भिंतींना खिडक्या पडल्या की माहिती जोडणे सोपे होते, आणि नको तेवढी जोडणेही सोपे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. परंतु हक्क कागदावर राहू नये, यासाठी रचनेतच त्याची सोय हवी. कोणत्या खात्यास कोणता प्रश्न विचारता येईल याची यादी जाहीर असावी, आणि प्रत्येक विचारणेची नोंद ज्याच्याविषयी ती झाली त्यास पाहता यावी. एस्टोनियाने जे केले ते भारतासारख्या खंडप्राय देशास अवघड आहे, असे म्हटले जाईल. अवघड आहे हे खरे. परंतु म्हणूनच त्याचा विचार बांधणीच्या आरंभी झाला पाहिजे, शेवटी नव्हे.

राज्यकारभाराची आज्ञावली ही रस्ता, धरण वा पूल यांसारखीच सार्वजनिक मालमत्ता आहे. पुलाची पाहणी होते, डागडुजी होते, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी रक्कम ठेवली जाते. आज्ञावलीस मात्र एकदा पैसे दिले की काम संपले, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. ती सोडली पाहिजे. उद्घाटनाचा मोह आवरून दरवर्षी थोडे थोडे, तपासून, मागचे न मोडता पुढे जाणारा देशच या परीक्षेत उतरेल. महिन्याच्या पहिल्या तारखेस निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या वृद्धेस आपला पैसा कोणत्या भाषेतील आज्ञावलीने पाठविला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. तो वेळेवर व पुरा यावा, आणि न आल्यास कोणास विचारावयाचे हे तिला कळावे, एवढीच तिची मागणी असते. कोणत्याही नव्या रचनेची कसोटी हीच होय.